इंजिन बंद, गाडी चालू

मामींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. मामी गेल्यावर चालक संघटनेला आपल्या अंकासाठी चार पानं हवी होती, तेव्हा मामांनी, म्हणजे मामींच्या नवऱ्याने, माझं नाव पुढे केलं. "आजोबा रोज तिच्या शेजारी बसायचे, त्यांना सगळं ठाऊक." इस्पितळात माझं रोजचं जाणं-येणं, म्हणून शेजारी बसायचो हे खरं. पण शेजारी बसून माणूस कळत असता, तर गाडीच्या आरशाला अख्खं जग कळलं असतं. मला त्यांचं खरं नावसुद्धा माहीत नव्हतं. काचेला चिकटवलेल्या परवान्यावर ते होतं, पण उन्हाने अक्षरं उडाली होती, आणि विचारायचा धीर मला कधी झाला नाही. सगळे मामी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो, वयाने त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठा असून.

आमचं बोलणं बहुतेक दारापुरतं. पुढचं डावीकडचं दार बिजागरीत बसलं होतं. नुसतं ओढलं तर लागायचं नाही आणि आपटलं तर मामींना ते स्वतःच्या थोबाडीत बसल्यासारखं लागायचं. "आजोबा, उचलून लावा, आपटू नका." मी उचलून लावायचो. एवढा आमचा संवाद. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही मामांनी आणि त्यांच्या सुनेने सांगितलं, आणि मधल्या फटी मी अंदाजाने बुजवल्या आहेत. चुकलं तर माझं.

आमच्या शहरात इस्पितळ टेकडीच्या माथ्यावर आहे आणि बाजार पायथ्याशी. ज्याने हा बेत आखला त्याचं आजारी माणसांच्या पायांशी काहीतरी जुनं वैर असावं. वर जायला चार-दोन गाड्या होत्या, त्यातली एक मामींची. पांढरी, जुन्या बनावटीची, दहा माणसांची म्हणून लिहिलेली आणि अडल्यानडल्याला कितीही मावणारी. आधी ती मामा चालवायचे. त्यांचे गुडघे गेले, क्लच दाबवेना, तेव्हा मामींनी ती शिकून घेतली. स्टँडवरचे चालक म्हणाले, "वहिनी, चढाचा रस्ता आहे, बाईमाणसाचं काम नाही." मामी म्हणाल्या, "चढ काय गाडीत कोण बसलंय ते वाकून बघतो का?"

मामा घरी बसून राहिले नाहीत. दर रविवारी अंगणात गोणपाट पसरून ते गाडीच्या पोटाखाली सरकायचे, चारही चाकांचे ब्रेक उघडायचे, साफ करायचे, पुन्हा बसवायचे. उठताना मामींचा हात लागायचा, आणि उठल्यावर ते दर रविवारी तेच म्हणायचे, "चालवणं तुझं, थांबवणं माझं." घरातल्या कामांची ही वाटणी दोघांनाही पसंत होती.

मग डिझेल वाढायला लागलं.

सगळ्यांचंच वाढलं, पण उतारावर ते जसं दिसलं तसं दुसरीकडे कुठे दिसलं नसेल. पहिल्यांदा भाव चढला तेव्हा मामींनी उतरताना फक्त शेवटच्या टप्प्याला, नाल्यावरच्या मोरीच्या अलीकडे, किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, गाडी आपल्या वजनाने घरंगळत बाजारात आली. ब्रेक पायाच्या जोरावर चालणारे होते, इंजिनच्या मेहरबानीवर नाही, त्यामुळे अडचण काही आली नाही. हे नियमात बसत नाही हे मामींना ठाऊक होतं. "नियमात तर आमचं पोटही बसत नाही," त्या म्हणायच्या.

पुन्हा भाव वाढला, तशी किल्ली शाळेच्या वळणावर फिरू लागली. आणखी वाढला, तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी. शेवटी शेवटी तर इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडल्या पडल्या गाडी गप्प व्हायची. पंपावरची पाटी वाचायची कुणाला गरज उरली नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका काम संपवून गाडीत बसलेल्या असायच्या. त्यातली एक दचकून म्हणायची, "अगं बाई, आज टाकीवरच बंद केलं!"

"म्हणजे पुन्हा वाढलं मेलं," दुसरी सुस्कारा टाकायची.

इंजिन थांबलं की गाडीत जी शांतता व्हायची ती मला अजून आठवते. नुसता टायरांचा आवाज आणि कुणाच्या तरी रिकाम्या डब्यात चमचा वाजायचा. खाली मोरीवर रस्ता उंटाच्या पाठीसारखा वर येतो. तिथे गाडीचा जीव संपत यायचा. मग मामी ओरडायच्या, "पुढं!" आणि सगळी गाडी पुढे झुकायची. आया, वॉर्डबॉय, टाके घातलेला पेशंट पोट धरून, सगळे. झुकल्याने गाडी खरंच चढते का, हे मी सांगू शकत नाही. पण एकदा एक नवा माणूस ताठ बसून राहिला आणि गाडी नेमकी माथ्यावर अडली, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा न सांगता उतरून ढकलायला लागला.

भाडं वाढवा, असं बाकीचे चालक म्हणत. त्यांनी वाढवलंही. मामींनी नाही वाढवलं. "वर जाणारं प्रत्येक माणूस कुणाच्या तरी काळजीने अर्धं झालेलं असतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या खिशात हात घालायचा तर मग गाडी कशाला चालवू? रस्त्यात आडवा बांबू टाकून बसते की."

त्याच सुमारास नगरपालिकेने डिझेलवर आणि पेट्रोलवर एक नवा कर बसवला. त्याला 'शहर सौंदर्य अधिभार' असं नाव होतं. सौंदर्य म्हणजे काय ते थोड्याच दिवसांत कळलं. मोरी ओलांडली की जिथे रस्ता सपाट होतो, तिथे भर रस्त्यात एक गोल कट्टा उभा राहिला. त्याला संगमरवरी फरशी, मधे कारंजं, कारंज्याला रंगीत दिवे. शेजारी स्वागताची कमान. वर इस्पितळातली लिफ्ट वर्षभर बंद होती, पेशंटला चादरीत घालून चौघे जण जिन्याने नेत होते, त्यासाठी पैसा नव्हता. कारंज्यासाठी निघाला.

त्या भागात विजेचा दाब कमी. पंप काही वर पाणी फेकेना. मग कट्ट्यामागे जाळी लावून एक जनरेटर बसवला. डिझेलवर चालणारा.

हे मामींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारी होतो. चाचणी चालू होती. जनरेटर धडधडत होता, जाळीतून काळा धूर निघत होता आणि वर निळं, पिवळं, गुलाबी पाणी नाचत होतं. आमची गाडी मोरीवरून कशीबशी खाली आली, पूर्वी तेवढ्यावर ती थेट स्टँडपर्यंत जायची. आता कट्ट्याला वळसा घालता घालता मधेच तिचा दम संपला. थांबली ती बरोबर कारंज्यासमोर. मामी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिल्या.

"वा रे वा," त्या म्हणाल्या. "माझं इंजिन बंद, आणि पाण्याचं चालू."

मागून धुलाईखान्यातली एक म्हणाली, "मामी, आपल्याच डिझेलवर नाचतंय ते. टाळ्या तरी वाजवा."

"टाळ्या कसल्या वाजवताय? उतरा आणि ढकला. मी किल्ली फिरवणार नाही. इथे तर नाहीच नाही."

तेव्हापासून हा रिवाज पडला. रोज गाडी कारंज्यासमोर थांबायची, उतारू उतरायचे, कट्ट्याला अर्धी प्रदक्षिणा घालत गाडी ढकलायचे आणि पुन्हा चढून बसायचे. स्टँडपर्यंतचा रस्ता थोडा उतरता असल्याने पुढे ती आपली आपण जायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. नगरपालिकेचे एक इंजिनिअर येऊन सांगून गेले की यामुळे परिसराची शोभा जाते. मामींनी नम्रपणे विचारलं, "मग तुम्ही ढकलता का? तुम्ही चांगले दिसाल."

उद्घाटनाचा दिवस ठरला. टेकडीवर इस्पितळाशेजारी सरकारी विश्रामगृह आहे, तिथून मोठे पाहुणे गाड्यांच्या ताफ्याने खाली येणार होते. मोरीच्या पलीकडे, अगदी कट्ट्याच्या तोंडाशी, दोन फुलझाडांच्या कुंड्यांना फीत बांधली होती. स्टेज, खुर्च्या, बँड. बँडवाल्यांना सांगितलं होतं, मोरीवर पांढरी गाडी दिसली की सुरू करा. शाळेच्या वळणावर एक हवालदार उभा केला होता, ताफा येईपर्यंत दुसरी गाडी खाली सोडायची नाही म्हणून.

हवालदार उभा होता, पण पाठ चढाकडे आणि तोंड कारंज्याकडे करून. त्याचा काही दोष नाही. गाडी येते तेव्हा ऐकू येते, ही त्याची समजूत. जगात सगळीकडे ती बरोबर ठरली असती. आमच्या उतारावर नाही.

मामींना कुणी काही कळवलं नव्हतं. फाटकाबाहेर त्यांनी किल्ली फिरवली. गाडीत धुलाईखान्यातल्या बायका होत्या, पायाला प्लास्टर घातलेला एक गवंडी होता, आणि पुढे मी. शाळेच्या वळणावर हवालदाराच्या पाठीमागून आम्ही इतक्या हळू आवाजात गेलो की त्याची टोपी हलली तेव्हा त्याने ती वारा समजून नीट केली. मोरी आली. "पुढं!" मामी ओरडल्या. आम्ही झुकलो. गाडी माथ्यावर आली, आणि खाली ढोल, कर्णे, झांजा, सगळं एकदम सुरू झालं. दोन्ही बाजूंनी आमच्यावर पाकळ्या उधळल्या गेल्या. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. नगराध्यक्ष हातात पुष्पगुच्छ घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरू लागले.

त्यानंतरचं मी नीट पाहिलं, कारण लाजेने मान खाली घातली होती आणि खाली मामींचा पाय होता. पाय ब्रेकवर गेला. दाबलासुद्धा, गाडी माणसाच्या चालीवर आली. अजून जरासा दाबला असता तर ती फितीच्या अलीकडे थांबली असती. मामींनी समोर पाहिलं. फितीमागे जनरेटर धूर ओकत होता.

पाय वर आला.

फीत काचेवर ताणली गेली. एक क्षण वाटलं, तीच आम्हाला अडवणार. मग ती फटकन तुटली, आणि आमची गाडी, अंगावर लाल फितीचे दोन तुकडे मिरवत, संथपणे जाऊन रोजच्या जागी थांबली. कारंज्यासमोर. बँड वाजतच होता. कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग त्या पसरल्या.

मामींनी काच खाली केली. नगराध्यक्ष पुष्पगुच्छासकट समोर उभे. ते म्हणाले, "या, या."

"येते कसली," मामी म्हणाल्या. "जातेय. चला गं, ढकला."

आणि आमच्या बायकांनी, सगळ्या स्टेजच्या देखत, ती गाडी ढकलली. गवंडी प्लास्टरमुळे उतरू शकला नाही, त्याने आतूनच, "अजून जोर! अजून जोर!" असं चालवलं होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी परिवहन कार्यालयातून बोलावणं आलं. परवाना तिथे जमा करून घेतला.

तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी मामींना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा मामी, वरून फोनवर फोन येतायत. मला काहीतरी दाखवावं लागेल. तुम्ही एवढंच लिहून द्या की उतारावर अचानक ब्रेक निकामी झाले. अपघात होतो, कुणाचाही होतो. गाडी दुरुस्त करून दाखवा, परवाना तुमच्या हातात ठेवतो."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर मग तुम्ही जाणूनबुजून केलं असं होतं. मग माझ्या हातात काही राहत नाही. परवाना गेला." साहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "सोमवारपर्यंत विचार करा."

घरी त्या संध्याकाळी मामा गोणपाटावर बसून एक पाना पुसत होते. सून धुलाईखान्यातून येऊन भांडी घासत होती. मामींनी सगळं सांगितलं.

"दे ना मग लिहून," मामा म्हणाले. "ब्रेकची बदनामी झाली तर त्यांना काय, जीव आहे?"

"ब्रेकना नाही. तुम्हाला आहे."

"मला कोण ओळखतं?"

"अख्खी गाडी ओळखते. पोटुशा बाया उतारावर डोळे मिटून बसतात त्या काय माझं तोंड बघून? त्यांना माहीत आहे, दर रविवारी एक म्हातारा खाली झोपतो." मामींनी पदराने तोंड पुसलं. "ब्रेक गेले म्हणून मी लिहून द्यायचं, ते साहेबांनी कपाटात ठेवायचं, आणि उद्या गाडीत बसणाऱ्याने म्हणायचं, मामींचे ब्रेक जातात बरं का. वर आणि लबाडी."

सुनेने भांडं खाली ठेवलं. "आई, रागावू नका. परवाना गेला तर घर माझ्या एकटीच्या पगारावर येईल. बाबांची औषधं आहेत. एक ओळ तर आहे."

"एकच ओळ आहे, म्हणूनच म्हणते," मामी म्हणाल्या. पण आवाज जरा खाली आला होता. सून सांगते, त्या रात्री मामी जेवल्या नाहीत, आणि विचारलं तर म्हणाल्या, भूक नाही, भूक काय रोज लागलीच पाहिजे का.

सोमवारी त्या गेल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"लिहून घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "ब्रेक शाबूत होते. माझ्या नवऱ्याने बसवलेले ब्रेक आहेत, ते निकामी होत नाहीत. मी दाबले नाहीत. इंजिन बंद होतं, कारण डिझेल परवडत नाही. डिझेल परवडत नाही, कारण त्यात तुमच्या कारंज्याचा अधिभार आहे. माझी गाडी कारंज्याच्या आड गेली नाही साहेब, कारंजं माझ्या गाडीच्या आड आलं. मी आधीपासून तिथूनच जातेय."

"मामी, असं नका करू."

"लिफ्ट दुरुस्त करा म्हणावं आधी. मग वाटलं तर मलाच कारंज्यात उभी करा, रंगीत दिवे लावा."

कारकून हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो कागदात घुसला. परवाना त्यांच्या टेबलाच्या खणात गेला.

आता घरी बसावं की नाही? मामींनी एक दिवस बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टँडवर. बाकीचे चालक धावत आले. "मामी, परवाना नसताना भाडं घेतलंत तर गाडीच उचलून नेतील."

"भाडं घेतंय कोण? परवाना भाड्यासाठी लागतो. आपल्या नातेवाइकांना फुकट न्यायला कुणाची परवानगी?" आणि त्यांनी फलाटावरच्या आम्हा सगळ्यांकडे नजर फिरवली. "चला, भाच्यांनो."

उतरताना शाळेच्या वळणावर तोच हवालदार. या वेळी त्याने तोंड चढाकडे केलं होतं. गाडी थांबवली. "कोण आहेत हे सगळे?"

"भाचे. आणि भाच्या."

"एवढे?"

"माझ्या नवऱ्याला बहिणी पुष्कळ."

हवालदाराने आत डोकावून पाहिलं. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. माझ्या डोक्यावर एकही काळा केस नाही. "हे आजोबासुद्धा?"

सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. चारचौघांत तोंड उघडणं मला जमत नाही. पण मी म्हणालो, "हो. मामीच माझ्या."

मागून असा हशा उठला की हवालदारालाही हसू आवरेना. त्याने हात हलवून सोडून दिलं. जाता जाता म्हणाला, "मामी, आता वळणावर हॉर्न तरी द्या. परवा माझी नोकरी जाता जाता राहिली." तेव्हापासून त्या वळणावर त्या न चुकता हॉर्न द्यायच्या. जे चुकलं ते त्यांनी लगेच मान्य केलं. जे चुकलं नव्हतं ते मान्य करायला त्या तयार नव्हत्या, एवढंच.

फुकट गाडी चालते तर डिझेल कुठून? त्याची वाट भाच्यांनीच काढली. रोज कुणीतरी एक जण मामींबरोबर पंपावर जायचा. "आज माझी पाळी," म्हणून भांडणंसुद्धा व्हायची. मामी आधी नको म्हणाल्या. धुलाईखान्यातल्या बाईने त्यांना गप्प केलं, "मामीच्या गाडीत भाच्यांनी तेल घातलं तर त्याला काय अधिभार लागतो?" घरात मात्र ओढाताण होती. सून जादा पाळ्या करत होती. मामा एक वेळचं औषध चुकवतात हे मामींना कळलं, त्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि मामी कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दारापर्यंतच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथल्या पहाऱ्यावरच्या माणसाने पुढे कधीतरी सांगितलं. बाई आल्या, बाकावर टेकल्या, परवाना गेलाय त्या खिडकीकडे बघत बसल्या आणि उठून गेल्या.

असे बरेच महिने गेले. कारंजंही तोवर थांबलं होतं. जनरेटरच्या डिझेलची तरतूद संपली होती म्हणे. कट्टा राहिला, त्यात पाचोळा, धूळ आणि कबुतरं. आम्ही अजून ढकलतच होतो.

एका सकाळी गाडी स्टँडवर भरत असताना परिवहन कार्यालयाचे साहेब समोर उभे. हातात डबा, दाढी वाढलेली. त्यांची आई वर दाखल होती. स्टँडवर दुसरी गाडी नव्हती.

"साहेब, तुमची सरकारी गाडी कुठाय?" मामींनी विचारलं.

"तिचा डिझेलचा कोटा संपला," साहेब डब्याकडे बघत म्हणाले. "दौऱ्यांनाच संपतो. महिनाअखेर आमची अशीच."

साहेबांनी सहज विचारल्यासारखं, पण खरं तर विनवणीनेच विचारलं, "जागा आहे का?"

"जागा आहे. पण माझ्याकडे परवाना नाही. या गाडीत फक्त नातेवाईक बसतात."

साहेब उभेच राहिले. डब्याची कडी त्यांनी एकदा या हातातून त्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "सरका मग जरा... मामी."

कुणी हसलं नाही. धुलाईखान्यातली बाई सरकली. साहेबांनी बसून डबा मांडीवर घेतला.

संध्याकाळी ते आमच्याबरोबरच खाली आले. फाटकाबाहेर मामींनी आरशातून त्यांच्याकडे बघत बघत किल्ली फिरवली. इंजिन बंद. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. वळणावर हॉर्न झाला. शाळेपुढे एक सायकलवाला आडवा आला, तेव्हा मामींनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली की साहेबांच्या डब्याचं झाकण उडालं.

"कसे आहेत?" मामींनी मागे न बघता विचारलं.

"चांगले आहेत," साहेब म्हणाले. "चांगलेच आहेत."

मोरी आली. "पुढं!" साहेबही झुकले. मी वळून पाहिलं नाही, पण मागच्या बाईने नंतर सांगितलं, सगळ्यात जास्त तेच झुकले होते. कारंज्यासमोर उतरून त्यांनी ढकललंही.

पुढच्या आठवड्यात परवाना आला. माफी नाही, अट नाही, नुसता परवाना. मामींनी तो काचेला चिकटवला, आणि त्या दिवसापासून पुन्हा भाडं घेऊ लागल्या. तेच जुनं. आम्ही मात्र भाचेच राहिलो.

मामींच्या आजारपणाबद्दल मला थोडंच ठाऊक आहे. त्या दमू लागल्या होत्या, चढावर गिअर एका फटक्यात पडायचा नाही. त्यांनी सुनेला गाडी शिकवली. सून धुलाईखाना सोडून गाडीवर आली, तेव्हा स्टँडवरचं कुणी काही बोललं नाही. एकाने तोंड उघडलं होतं, पण मामींनी नुसतं पाहिलं.

शेवटी त्यांनाच वर न्यायची वेळ आली. त्या सकाळी सून चालवत होती. मामी माझ्या जागेवर बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे. भाव पुन्हा वाढल्याची बातमी होती. चढावर इंजिन घरघरत होतं. मामी काचेतून सगळी वळणं बघत होत्या, एकेक. टाकीपाशी सुनेला म्हणाल्या, "उतरताना फाटकातच बंद कर." सून म्हणाली, "हो, आई."

इस्पितळाच्या दारात मामा दुसऱ्या गाडीने आधीच येऊन थांबले होते. लिफ्ट बंद होती. धुलाईखान्यातल्या बायका चादर घेऊन आल्या, पण मामी म्हणाल्या, "चालते मी, मला काय झालंय?" मामांनी त्यांचा एक हात धरला, सुनेने दुसरा. मी उतरून पुढचं दार हातात धरून उभा होतो.

दोन पावलं जाऊन मामी थांबल्या आणि वळल्या.

"आजोबा, उचलून लावा."

"हो," मी म्हणालो. "लागलं."